टायर घेताना आधी किलोमीटर मोजा

टायरच्या दुकानात शिरलेल्या गाडीमालकाचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणत्या कंपनीचा चांगला?’ हा असतो आणि दुसरा ‘चारचे मिळून किती होतील?’ हा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांची उत्तरे ज्या तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहेत, तो ना गिऱ्हाईक विचारते ना दुकानदार. गाडी वर्षाला किती किलोमीटर धावते आणि कुठल्या रस्त्यांवर धावते, हा तो प्रश्न. औषध कंपनीचा प्रतिनिधी नाशिक, धुळे, जळगाव असा फिरत वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर सहज कापतो. त्याच मॉडेलची गाडी पुण्यातले एखादे निवृत्त जोडपे मंडई, दवाखाना आणि वर्षातून एकदा कोकण एवढ्यासाठीच वापरते आणि पाच हजारांच्या पुढे जात नाही. या दोघांनाही एकच टायर ‘चांगला आणि परवडणारा’ ठरणे अवघड आहे, आणि तसा तो कोणी छातीठोकपणे सुचवत असेल, तर त्याच्या गोदामात त्याच टायरचा साठा जास्त आहे असे समजायला हरकत नाही.

परवडणारा म्हणजे काय, हे आधी आकड्यांत पाहू. समजा, एक टायर ४,५०० रुपयांना मिळतो आणि ३५,००० किलोमीटर चालतो. दुसरा ५,८०० रुपयांचा असून ५०,००० किलोमीटर चालतो. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतलेले आहेत. आपल्या गाडीचे आकडे त्यांच्या जागी घालावेत. पहिल्या टायरचा खर्च किलोमीटरमागे सुमारे १२.९ पैसे येतो आणि दुसऱ्याचा ११.६ पैसे, म्हणजे बिलावर तेराशे रुपयांनी महाग दिसणारा टायर औषध कंपनीच्या प्रतिनिधीला स्वस्त पडतो. निवृत्त जोडप्याचा हिशेब मात्र उलटा आहे. वर्षाला पाच हजार किलोमीटर या गतीने पहिला टायर झिजायला सात वर्षे लागतील आणि दुसरा झिजायला दहा. रबर तोवर तग धरत नाही. गाडी उभी असली तरी ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन आपले काम करतच असतात. रबर कडक होते, उभ्या बाजूवर बारीक भेगा दिसू लागतात आणि पकड घटत जाते. पाच वर्षे झाल्यावर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही शिल्लक दिसत असली तरी दहा वर्षांपुढे तो वापरूच नये, असा कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. आपल्याकडच्या उन्हात मी सहाव्या वर्षाच्या पुढे जाणार नाही. म्हणजे या जोडप्याने ‘जास्त चालणारा’ टायर घेतला, तर चार टायरांमागे जादा भरलेले ५,२०० रुपये जवळजवळ सगळेच वाया जातात. तेच पैसे ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणाऱ्या टायरवर घातले, तर त्यांचा उपयोग पहिल्याच पावसात होतो.

याच हिशेबात पेट्रोल धरले की चित्र आणखी बदलते. लिटरला १०५ रुपये आणि १८ चे ॲव्हरेज धरले, तर किलोमीटरमागे ५ रुपये ८३ पैसे नुसते इंधनाला जातात; वरच्या उदाहरणातल्या चारही टायरांचा मिळून खर्च पन्नास पैशांच्या आसपास आहे. सहज घरंगळणाऱ्या टायरमुळे इंधनात दोनच टक्के बचत झाली, तरी ती साडेअकरा पैशांची, म्हणजे एका टायरच्या खर्चाइतकी होते. ज्याची गाडी खूप धावते त्याने म्हणूनच किमतीवरची घासाघीस थोडी कमी करून या गुणाची चौकशी जास्त करावी. आणि हवा कमी असेल, तर ही सगळी बचत हवेत विरते हेही लक्षात ठेवावे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

किमतीबद्दल आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. कर वगळून ५,००० रुपये किमतीचा टायर पूर्वी ६,४०० रुपयांना पडत असे, तो आता ५,९०० रुपयांना पडायला हवा. जुना भाव तोंडी सांगून त्यावर ‘खास सवलत’ देणाऱ्यांकडून पक्के बिल मागितले की खरी सवलत किती, ते लगेच कळते.

रबराची ओढाताण

टायरकडून आपण एकाच वेळी तीन गोष्टी मागतो: तो लवकर झिजू नये, ओल्या रस्त्यावर त्याने घट्ट धरावे आणि तो सहज घरंगळावा. अडचण अशी की, या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. कडक रबर झिजत नाही, पण ओल्या डांबरावर घसरते. मऊ रबर रस्त्याला चिकटून राहते, पण भराभर झिजते आणि गाडीला किंचित मागेही ओढते. रबरात काजळीऐवजी सिलिका जास्त घातली की ही ओढाताण बरीच कमी होते. मात्र असे मिश्रण महाग पडते आणि कारखान्यात हाताळायलाही कठीण असते. म्हणून मध्यम किमतीच्या टायरमध्ये कंपनीला कोणत्या तरी एका गुणाकडे झुकावेच लागते, आणि तो कल कोणता आहे हे ओळखणे म्हणजे निम्मी निवड करणे.

हा कल कंपनीच्या नावावरून कळत नाही, तर त्या टायरच्या मालिकेवरून कळतो. अपोलोची ‘अमेझर फोर जी लाइफ’ जास्त किलोमीटर चालावी म्हणून काढलेली आहे, तर त्याच कंपनीची ‘अल्नॅक’ मालिका पकड आणि आराम यांकडे झुकते. सिएटची ‘मायलेझ’ आयुष्यासाठी विकली जाते, ‘सिक्युराड्राइव्ह’ नियंत्रणासाठी. त्यामुळे ‘अमुक कंपनीचा टायर लवकर घासतो’ अशी तक्रार ऐकली की त्याने कोणती मालिका बसवली होती हे आधी विचारावे; पुष्कळदा माणसाने पकडीचा टायर घेऊन आयुष्याची अपेक्षा केलेली असते.

बऱ्याच टायरांवर ट्रेडवेअर नावाचा एक आकडा आणि ट्रॅक्शन (पकड) व टेंपरेचर (उष्णता सोसण्याची क्षमता) या शब्दांपुढे एकेक अक्षर छापलेले असते. ही अमेरिकेची पद्धत आहे. ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा तितका टायर झिजायला सावकाश; पण तो आकडा कंपनीच स्वतःच्या चाचणीवरून देते. म्हणून एका कंपनीच्या दोन टायरांची तुलना त्यावरून करावी, दोन वेगळ्या कंपन्यांची करू नये. ट्रॅक्शनचे अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावरच्या पकडीचे असते. डबल ए सर्वांत वरचे, त्याखाली ए, बी आणि सी. वळणावरच्या पकडीबद्दल ते काहीही सांगत नाही, तरी बी पेक्षा ए बरे, एवढा अर्थ त्यातून निघतोच.

टायरवरचे आकडे

गाडीचा टायर कोणत्या मापाचा असावा हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. सध्या गाडीवर जो टायर आहे त्यावरून माप घेऊ नये, कारण आधीच्या मालकाने काय बसवले होते ते सांगता येत नाही. मारुती स्विफ्टचे उदाहरण घेऊ. तिच्या खालच्या आवृत्तीवर १६५/८० आर १४ हे माप येते आणि वरच्या आवृत्तीवर १८५/६५ आर १५. यात १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे उभ्या बाजूची उंची ही त्या रुंदीच्या ८० टक्के, अर्थात १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. आता चाकाची पूर्ण उंची काढू. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची मिळून २६४ मिलिमीटरची भर घातली की ६१९.६ होतात. दुसऱ्या मापाची उभी बाजू १२०.२५ मिलिमीटर येते, रिम ३८१, आणि बेरीज ६२१.५. दोन्ही चाके दिसायला वेगळी असली, तरी उंचीत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक आहे आणि तो मुद्दामच इतका कमी राखलेला आहे. उंची बदलली की स्पीडोमीटर आणि किलोमीटरचा काटा दोन्ही चुकीचे दाखवू लागतात.

टायर रुंद केल्याने गाडी रुबाबदार दिसते, हे खरे. त्याबरोबर स्टिअरिंग जड होते, ॲव्हरेज घटते, चाक पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासण्याची शक्यता निर्माण होते आणि पुढचा प्रत्येक सेट महाग पडतो. रोजच्या वापराच्या गाडीला कंपनीने दिलेलेच माप ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हाच विचार खरे तर गाडी घेतानाच करायला हवा, कारण ज्या आवृत्तीवर १९५/५५ आर १६ येतो, तिच्या टायरची उभी बाजू अवघी १०७ मिलिमीटर असते. खड्ड्याच्या काठावर चाक आदळले की एवढ्याशा बाजूत धक्का पचवायला जागा उरत नाही. आतले दोर तुटतात आणि टायरला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. शोरूममध्ये सोळा इंची अलॉय चाकांवर भाळलेल्या माणसाला या खर्चाबद्दल तिथे कोणीही सांगत नाही.

मापानंतर ८८ एच किंवा ८५ टी असे काहीतरी लिहिलेले असते. आकडा वजनाचा आहे: ८५ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. अक्षर वेगाचे: टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे २४० किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० ची मर्यादा असताना व्ही अक्षरासाठी जादा पैसे देण्यात काही हशील नाही. मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या वजनाच्या आकड्याखाली आणि वेगाच्या अक्षराखाली कधीही जाऊ नये.

उभ्या बाजूवरचा सर्वांत उपयोगी मजकूर मात्र सर्वांत लहान अक्षरांत असतो. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२५ याचा अर्थ २०२५ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनचा पूर्वार्ध. पुष्कळ टायरांवर ही चौकट एकाच बाजूला असते आणि बसवताना ती आत गेली की गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. म्हणून टायर रिमवर चढवण्याआधीच चारही टायरांवरची तारीख स्वतः वाचावी. सहा महिन्यांच्या आतला टायर ताजाच समजावा. वर्षभर सावलीत, नीट ठेवलेला टायर खराब होत नाही, परंतु त्याचे एक वर्ष गोदामात गेलेले आहे, तेव्हा भाव कमी करून मागण्यात गैर काही नाही. दोन वर्षांपूर्वीचा टायर ‘शेवटचा सेट उरलाय’ म्हणून कितीही स्वस्तात मिळाला, तरी वर्षाला पाच हजार किलोमीटरच धावणाऱ्या माणसाने तो घेऊ नये. उरलेल्या आयुष्यातली दोन वर्षे आधीच कापून दिल्यासारखे ते होते.

भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. त्याचे मानक आयएस १५६३३. हे चिन्ह म्हणजे किमान पात्रता, उत्तमपणाचा दाखला नव्हे. त्यापुढचे पाऊल म्हणून केंद्र सरकारने २०२२ मध्ये घरंगळण्याला होणारा रोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि धावतानाचा आवाज यांच्या मर्यादा एआयएस-१४२ या मानकाने ठरवून दिल्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने फ्रिज आणि एसीप्रमाणे टायरांसाठीही तारांकनाची योजना आणलेली आहे. ते तारे इंधन बचतीचे असतात, पकडीचे नसतात, एवढे भान ठेवून ते पाहावेत.

देशी की परदेशी, या वादात फार वेळ घालवण्यासारखे काही राहिलेले नाही. ब्रिजस्टोन ही जपानी कंपनी चाकणला टायर बनवते, गुडइयर या अमेरिकी नावाचा कारखाना छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि आपण अस्सल मुंबईची समजतो त्या सिएटचे मूळ इटलीतल्या तुरीन शहरात आहे. एमआरएफ, अपोलो, जेके आणि सिएट या चौघांचे रोजच्या मापांतले टायर रोजच्या वापराला पुरेसे चांगले आहेत. ब्रिजस्टोन, योकोहामा किंवा मिशेलिन यांच्या चांगल्या मालिका शांतपणा आणि ओली पकड यांत सहसा पुढे असतात आणि त्याचे पैसेही घेतात. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आल्याने अनोळखी परदेशी नावांचे स्वस्त टायर बाजारात पूर्वीइतके दिसत नाहीत. तरीही कोणी तसा टायर पुढे केलाच, तर आयएसआय चिन्ह आहे का आणि हमीची तक्रार घेऊन जायला जिल्ह्यात विक्रेता आहे का, या दोन प्रश्नांवर तो निकाली काढता येतो.

पाऊस आणि नक्षी

टायरची नक्षी शोभेसाठी नसते. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर गुळगुळीत रबरही घट्ट धरते. नक्षीच्या खाचा असतात त्या पाणी बाहेर फेकण्यासाठी. चालत्या गाडीचा प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेवरच टेकलेला असतो. वेगात असताना त्या जागेपुढचे पाणी खाचांतून निघून गेले नाही, तर टायर पाण्यावर तरंगू लागतो, आणि अशा क्षणी स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निकामी होतात. नव्या टायरच्या खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ व्या नियमानुसार मोटारीच्या टायरची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, आणि तेवढ्याच उंचीचे छोटे रबरी उंचवटे मुख्य खाचांच्या तळाशी दिलेले असतात. टायरच्या खांद्यावर टीडब्ल्यूआय ही अक्षरे किंवा लहानसा त्रिकोण दिसला की त्याच्या सरळ रेषेत खाचेत बोट घालून पाहावे. उंचवटा नक्षीच्या पातळीला आला असेल, तर टायर गोटा झाला.

कायदा १.६ मिलिमीटरवर थांबतो, पाऊस मात्र त्याआधीच हिशेब मागतो. तीन मिलिमीटरच्या खाली ओली पकड झपाट्याने कमी होते. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात जुलै महिन्यात जायचे असेल, मुंबई-गोवा महामार्गावर रात्रीचा प्रवास ठरलेला असेल, तर तीन मिलिमीटर हीच आपली मर्यादा मानावी. नक्षी साडेतीन मिलिमीटरवर आलेली असताना ‘दिवाळीपर्यंत ओढू’ असे म्हणणाऱ्याने कॅलेंडर उलटे वाचलेले असते. टायर मे महिन्यात बदलावेत, दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत जुने टायर तेवढे धोक्याचे नसतात. खोली मोजायचे छोटे साधन हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळते. मोजताना एकाच टायरवर आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत वेगवेगळे मोजावे. मधली खाच जास्त झिजली असेल तर हवा जास्त भरली जाते, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते, आणि एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, बिघडल्यामुळे गाडी टायर खाते आहे. हे दुखणे न काढता नवे टायर बसवले, तर ते दहा-पंधरा हजार किलोमीटरमध्ये त्याच वाटेने जातात आणि दोष कंपनीच्या माथी मारला जातो.

पैशांच्या ओढीमुळे पुष्कळजण दोनच टायर बदलतात. त्यात चूक काही नाही. चूक ते कुठे बसवले जातात यात होते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि पुढचेच टायर आधी झिजतात, म्हणून नवी जोडी पुढे टाकावी असे सर्वांना वाटते. टायर कंपन्या मात्र नवी जोडी मागे बसवा असेच सांगतात. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली, तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की ती बऱ्याचदा सावरते. मागची पकड सुटली, तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊन गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यातले नसते. म्हणून मागचे अर्धवट झिजलेले टायर पुढे घ्यावेत आणि नवे मागे टाकावेत. दुकानातला मेकॅनिक यावर हुज्जत घालेल, घालू द्यावी. एकाच अक्षावरचे दोन टायर मात्र एकाच कंपनीचे, एकाच मालिकेचे आणि सारख्या झिजेचे असावेत.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याचा गैरसमज

मार्च उजाडला की ‘उन्हाने हवा फुगते, दोन पॉइंट कमीच ठेवा’ हा सल्ला पेट्रोल पंपापासून नातेवाइकांपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि आहे नेमका उलटा. टायर गरम होतो तो मुख्यतः त्याची उभी बाजू प्रत्येक फेरीला दबते आणि पुन्हा सरळ होते यामुळे. हवा जितकी कमी, तितकी ती बाजू जास्त दबते, तितकी उष्णता जास्त, आणि सलग दोन-तीन तास वेगात चालल्यावर रबर आणि आतले दोर यांची पकड सुटून टायर फुटतो. उन्हामुळे हवेचा दाब थोडा वाढणार हे कंपनीने आधीच गृहीत धरलेले असते. दाराच्या पट्टीवर ३३ पीएसआय लिहिलेले असेल, तर ते थंड टायरचे माप असते.

म्हणून हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना भरावी. लांबून आल्यावर दाब ३७ दिसतो म्हणून हवा सोडून ३३ वर आणली, तर टायर थंड झाल्यावर तो २९-३० वर येतो. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन निघायचे असेल, तर पट्टीवर पूर्ण भाराचा जो वेगळा आकडा दिलेला असतो, तेवढी हवा भरावी. मुंबई ते नागपूर असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तिथे सिग्नल नाहीत, वेग एकसारखा असतो, आणि गावातल्या गावात वर्षभर खपून गेलेली कमी हवा किंवा जुना टायर तिथे दोन तासांत उघडा पडतो. झिजलेल्या टायरांची वाहने या मार्गावर प्रवेशालाच अडवण्याची मोहीम परिवहन विभागाने राबवली, ती त्यामुळेच. नायट्रोजन भरल्याने हे सर्व टळते असा एक समज आहे. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन भरल्याने दाब किंचित हळू उतरतो, एवढेच. फुकट मिळत असेल तर घ्यावा, नाहीतर महिन्यातून दोनदा साधी हवा तपासणे अधिक उपयोगाचे.

जुन्या टायरांचा मोह

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि प्रत्येक मोठ्या शहरातल्या अशाच एखाद्या रस्त्यावर वापरलेले टायर निम्म्याहून कमी भावात मिळतात. यातले काही खरोखर बरे असतात, कारण नवी गाडी घेतल्याबरोबर मोठी चाके बसवणारे हौशी लोक मूळ टायर विकून टाकतात. पण त्याच ढिगात गोटा झालेल्या टायरवर गरम अवजाराने पुन्हा खाचा कोरून, वर काळे पॉलिश मारून ठेवलेले टायरही असतात. कोरलेल्या खाचेच्या तळाशी झीज दाखवणारा उंचवटा नसतो किंवा अर्धा कापलेला असतो, आणि कधी कधी खाचेत बारीक दोर डोकावतो. असा टायर म्हणजे उघड धोका. आतून हात फिरवून पंक्चरचे ठिगळ आहे का हेही पाहावे. पंक्चर नक्षीच्या भागात असेल तर नीट काढता येते, उभ्या बाजूवर असेल तर नाही. रिमोल्ड, म्हणजे झिजल्यावर नवे रबर चढवलेले, टायर ट्रकला आणि एसटीला चालतात, कारण ते टायर पुन्हा रबर चढवण्याच्या हिशेबानेच बांधलेले असतात. मोटारीला ते बसवू नयेत. वापरलेला टायर फार तर स्टेपनीसाठी घ्यावा, आणि तोही तारीख वाचून.

दुकानात भाव ठरवताना टायर, ट्यूबलेसचा नवा व्हॉल्व्ह, बसवणावळ, बॅलन्सिंगची वजने आणि अलाइनमेंट असा सगळा मिळून आकडा विचारावा. टायरवर ऑनलाइन वाचलेले पाचशे रुपये या बाकीच्या कामांत सहज निघून जातात. जुने टायर दुकानदार ठेवून घेणार असेल, तर त्यांचे पैसे त्याच आकड्यातून वजा करून घ्यावेत. स्टेपनी खराब झालेली असेल, तर निघालेल्या चारांपैकी बरा टायर तिच्या रिमवर चढवून घ्यावा. काही टायरांवर बाहेरची बाजू किंवा फिरण्याची दिशा दाखवणारा बाण छापलेला असतो, तो बसवताना पाळला गेला का, हे स्वतः उभे राहून पाहावे. बिलावर चारही टायरांचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत आणि कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणीची सोय असेल, तर ती त्याच दिवशी करावी. हमी मुख्यतः बनावटीतील दोषाची असते, भरपाई उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळते, आणि काही कंपन्या खड्ड्याने आलेल्या फुग्यालाही ठरावीक मुदतीत भरपाई देतात, पण अनुक्रमांक नसलेल्या बिलावर यातले काहीही पदरात पडत नाही. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर राहिलेला असतो, म्हणून पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी सांभाळून चालवावी, त्यानंतर एकदा थंड टायरांची हवा आणि चाकांचे नट तपासून घ्यावेत, आणि पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे व मागचे पुढे करून घेत जावेत.